लॉसलेस गाणी आणि स्वस्त व्हॉल्व अ‍ॅम्प: आठ-दहा हजारांत नक्की काय ऐकू येतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतातले प्लॅन नव्याने मांडले. लाइट १३९ रुपये, स्टँडर्ड १९९ आणि प्लॅटिनम २९९. लॉसलेस, म्हणजे आवाजातला एकही बिट न गाळता येणारी गाणी, फक्त प्लॅटिनमवाल्यांना. अ‍ॅपल म्युझिक हे २०२१ पासूनच वेगळे पैसे न घेता देत होतं. पण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि फोनमध्ये स्पॉटिफाय, त्यामुळे 'लॉसलेस' हा शब्द खऱ्या अर्थाने कॉलेजच्या ग्रुपवर पोचला तो आत्ता.

आणि त्याच्या मागोमाग दुसरी एक गोष्ट रील्समध्ये दिसायला लागली. टेबलावर एक छोटा काळा डबा, वर दोन काचेच्या नळ्या, त्यातून नारिंगी उजेड, आणि खाली कॅप्शन: 'खरा अ‍ॅनालॉग वॉर्म साउंड, फक्त इतक्या हजारांत'. हे म्हणजे ट्यूब हायब्रिड हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. एक्सडू, फोसी, आयिमा, लॉक्सजी अशा चिनी कंपन्यांनी ही चीज आवाक्यात आणली. अमेरिकेतल्या शीट कंपनीचा 'वाली' त्याच्या आधीपासून याच वर्गात आहे.

आता या दोन बातम्या शेजारी ठेवून बघा. एकीकडे महिन्याला शंभर रुपये जास्त भरायचे, का, तर गाण्यात काहीही बदल होऊ नये म्हणून. आणि दुसरीकडे आठ-दहा हजार मोजून असा डबा घ्यायचा ज्याचं कामच गाण्यात बदल करणं हे आहे. हे दोन्ही एकाच वेळी करण्यात अर्थ आहे का? गेले तीन आठवडे ऑफिसमधल्या एका मित्राचा असा अ‍ॅम्प माझ्या माहीमच्या घरी आहे. त्यावर रोज रात्री ऐकून, मोजून आणि थोडी आकडेमोड करून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर हे एका मॉडेलचं परीक्षण नाही. दुसरं म्हणजे, या किमतीत जवळपास तेच सर्किट वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. दोन '६जे१' व्हॉल्व, मागे १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, पुढे व्हॉल्यूमची खुंटी आणि ६.३५ मिमीचं हेडफोन सॉकेट, असं काही तुम्ही बघत असाल तर खालचं बरचसं त्यालाही लागू पडेल.

आधी समजून घेऊ: हायब्रिड म्हणजे काय

आजोबांच्या पिढीला व्हॉल्व नवीन नाही. मर्फी, फिलिप्स, बुश यांचे लाकडी पेटीतले रेडिओ व्हॉल्ववरच चालायचे. बटण दाबलं की लगेच आवाज यायचा नाही, रेडिओ 'तापायची' वाट बघावी लागायची. कारण व्हॉल्वमधली तार तापली की तिच्याभोवतीच्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, निर्वात पोकळीतून समोरच्या प्लेटकडे धावतात, आणि मधल्या जाळीवर आपण गाण्याचा बारीकसा सिग्नल देऊन त्या धावेला कमी-जास्त करतो. बारीक सिग्नल मोठा होतो. एवढंच. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ च्या सुमारास हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्याने असे व्हॉल्व देशात बनवायला सुरुवात केली होती. मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ खिशात मावायला लागला.

व्हॉल्वची अडचण अशी की त्याला व्होल्टेज वाढवायला छान जमतं, पण हेडफोनला लागणारा करंट द्यायला तो कुचकामी. शुद्ध व्हॉल्व अ‍ॅम्पमध्ये त्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर किंवा मोठे पॉवर व्हॉल्व लागतात आणि किंमत चढते. हायब्रिडमध्ये काम वाटून घेतलेलं असतं. पहिल्या टप्प्यात व्हॉल्व, दुसऱ्या टप्प्यात ट्रान्झिस्टर किंवा ऑप-अ‍ॅम्प. चव व्हॉल्वची, ओझं उचलायचं काम ट्रान्झिस्टरचं.

मग हे इतकं स्वस्त कसं? उत्तर त्या '६जे१' मध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या '६एके५' या अमेरिकन व्हॉल्वचा हा चिनी भाऊबंद. मूळ काम रेडिओ लहरींचं, हाय-फायचं नाही. चीनमध्ये काही दशकांपूर्वी दळणवळणाच्या यंत्रांसाठी हे ढिगाने बनले आणि गोदामांत पडून राहिले. आज स्वस्त अ‍ॅम्पमध्ये येतात ते बहुतेक हेच जुने, न वापरलेले नग. नवीन ऑडिओ व्हॉल्व बनवणारे मोठे कारखाने आता जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातबंदी जाहीर केली तेव्हा सारातोव्हच्या व्हॉल्वच्या ऑर्डर काही काळ थांबल्या आणि जगभरच्या गिटारवाल्यांची धांदल उडाली होती. '६जे१' वाल्यांना फरक पडला नाही. शिळा माल असण्याचा हा एक फायदा.

दुसरी काटकसर व्होल्टेजमध्ये असते. हा व्हॉल्व साधारण १२० व्होल्ट प्लेटवर चालवायचा असतो. स्वस्त डब्यांत बऱ्याचदा त्याला २५-३० व्होल्टवर भागवावं लागतं. उपाशीपोटी काम करणाऱ्या माणसासारखा तो काम करतो, पण लवकर चुकायला लागतो. आणि गंमत म्हणजे, ज्याला आपण 'व्हॉल्वचा आवाज' म्हणतो त्याचा बराच भाग ही चूकच आहे.

'वॉर्म' म्हणजे नक्की काय? तंबोऱ्याला विचारा

इंग्रजी व्हिडिओंमध्ये 'वॉर्म, लश, लिक्विड' असे शब्द इतके येतात की त्यांचा अर्थच उरत नाही. आपल्याकडे मात्र याला चांगली उपमा घरातच आहे.

तंबोऱ्याच्या घोडीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा सरकवतात. तार घोडीच्या किंचित गोलाईवर घासत कंप पावते आणि साधा 'टण्ण' आवाज झुमझुमीत, भरलेला होतो. ही जवारी. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इंजिनिअरच्या भाषेत जवारी म्हणजे काय? मूळ स्वरात त्याच्या पटीतले स्वर वाढवणं. हार्मोनिक्स.

आता आकडे बघा. मूळ सूर २२० हर्ट्‌झ धरा आणि त्याला सा म्हणा.

- दुसरं हार्मोनिक ४४०: तार सप्तकातला सा
- तिसरं ६६०: तार सप्तकातला पंचम
- चौथं ८८०: आणखी वरचा सा
- पाचवं ११००: त्याच्या वरचा गंधार. तंबोऱ्यात न छेडता ऐकू येणारा 'स्वयंभू गंधार' तो हाच
- सातवं १५४०: कोमल निषादाच्या जवळचा, पण उतरलेला, कानाला बेसूर

व्हॉल्व जेव्हा 'चुकतो' तेव्हा तो प्रामुख्याने दुसरं हार्मोनिक घालतो, थोडं तिसरं, आणि त्याच्या पुढची झपाट्याने कमी होत जातात. म्हणजे चूक होते, पण सुरात होते. म्हणून ती खटकत नाही, उलट आवाज जरा भरलेला वाटतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेबाहेर ताणला की वरची, बेसूर हार्मोनिक्स येतात आणि आवाज फाटतो. पण मर्यादेत असताना आजचा हजार-दोन हजारांचा यूएसबी-सी डोंगलही ०.००१ टक्क्याच्या आसपास डिस्टॉर्शन ठेवू शकतो. स्वस्त व्हॉल्व हायब्रिडमध्ये हाच आकडा ०.१ ते १ टक्का असू शकतो. शंभर ते हजार पट जास्त.

पण तंबोरा आणि अ‍ॅम्पमध्ये एक मोठा फरक आहे, आणि तो कोणी सांगत नाही. जवारी एका तारेवर असते. अ‍ॅम्पमधून मात्र पूर्ण गाणं एकत्र जातं. दोन स्वर एकाच वेळी आले की सदोष अ‍ॅम्प त्यांच्या बेरीज-वजाबाकीचेही स्वर तयार करतो. २०० आणि ३०० हर्ट्‌झ असतील तर १०० आणि ५००, हे ठीक, सुरातच बसतं. पण वीस व्हायोलिनं, ढोलकी, कोरस आणि बास एकत्र असेल तर शेकडो अशा बेरजा होतात आणि त्यातल्या बहुतेक कोणत्याच सुरात नसतात. यालाच आपण 'आवाज गढूळ झाला' म्हणतो.

म्हणजे कागदावरचं भाकीत असं: एकटा गळा आणि दोन-चार साथीची वाद्यं, तिथे व्हॉल्व खुलेल. गच्च भरलेलं ऑर्केस्ट्रेशन, तिथे तो अडखळेल.

कानांनी काय सांगितलं

जोडणी अशी: फोन, त्याला यूएसबी-सी डोंगल, डोंगलमधून केबलने व्हॉल्व अ‍ॅम्प. हेडफोन दोन. एक ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६५०, आणि एक दोन हजारांच्या आतला वायरवाला चिनी इअरफोन, जो तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. तुलनेसाठी तोच डोंगल थेट हेडफोनला.

तुलना करताना एक गोष्ट सक्तीची: दोन्हीकडचा आवाज सारख्या पातळीवर आणणं. जरा मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. अर्धा डेसिबलचा फरकही 'आवाजात जान आली' असं वाटायला पुरतो. म्हणून मी १०० हर्ट्‌झचा टोन वाजवून साध्या मल्टीमीटरने दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवलं. मग भावाला केबल बदलायला बसवलं आणि मी पाठ करून ऐकलं. रील्समध्ये कोणी हे करताना मी पाहिलेलं नाही.

किशोरीताई आमोणकरांचा भूप. इथे फरक आहे. मोठा नाही, पण आहे. स्वर लांबवला जातो तिथे त्याच्या कडा जरा गोल होतात, तंबोरा किंचित पुढे येतो. जुन्या ध्वनिमुद्रणातला वरच्या पट्टीतला करकरीतपणा थोडा निवतो. तासभर ऐकलं तरी कान शिणत नाहीत. पाठ करूनही हे मला नाणेफेकीपेक्षा बऱ्यापैकी जास्त वेळा ओळखता आलं.

'सैराट' मधलं 'याड लागलं'. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, त्यामुळे चाचणीला यापेक्षा चांगलं मराठी गाणं मिळणं कठीण. सुरुवातीचा शांत भाग व्हॉल्ववर सुंदर. पण ऑर्केस्ट्रा चढायला लागला की डोंगलवर व्हायोलिनं आणि ब्रास वेगवेगळे कळतात, व्हॉल्ववर ते एकमेकांना चिकटतात. भाकीत बरोबर ठरलं.

आजची पॉप, रॅप, ईडीएम. काहीही फरक नाही. वीसपैकी माझे अंदाज नाणेफेकीइतकेच निघाले. कारण सरळ आहे. या गाण्यांत निर्मात्याने स्टुडिओतच इतकं सॅच्युरेशन भरलेलं असतं की आपल्या डब्याने त्यावर अर्धा टक्का आणखी ओतला तर पत्ताही लागत नाही.

आता इअरफोन. इथे मात्र निकाल स्पष्ट आणि उलटा. गाणं थांबलं की 'स्स्स' अशी बारीक शिट्टीवजा खरखर, व्हॉल्यूमची खुंटी जरा फिरवली की आवाज एकदम मोठा, आणि अगदी कमी आवाजावर डावा कान जास्त, उजवा कमी. हा त्या नगाचा दोष नाही, हे गणित आहे. असा इअरफोन एक व्होल्टला १२० डेसिबलपर्यंत जातो. ८५ डेसिबल ऐकायला त्याला लागतं फक्त ०.०१८ व्होल्ट. इतक्या संवेदनशील गोष्टीला व्होल्टेज कित्येक पटींनी वाढवणाऱ्या अ‍ॅम्पवर लावणं म्हणजे दुधाच्या पेल्याला टँकरचा पाइप.

शिवाय आउटपुट इम्पीडन्सचा घोळ असतो. समजा अ‍ॅम्पचा तो १० ओहम आहे आणि इअरफोनचा वेगवेगळ्या स्वरांना ८ ते ४० ओहम असा बदलतो. मग काही स्वर ७ डेसिबलने खाली जातील आणि काही फक्त २ ने. म्हणजे पाच डेसिबलचा इक्वलायझर तुम्ही नकळत लावलात. अनेकांना 'व्हॉल्वची जादू' म्हणून ऐकू येतं ते प्रत्यक्षात हेच असतं.

पॉवर लागते, पण किती?

'फोन मोठे हेडफोन चालवू शकत नाही' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. एचडी ६५० साठी हिशोब करू. कंपनीच्या आकड्यांनुसार तो एक व्होल्टला १०३ डेसिबल देतो. साध्या डोंगलमधून साधारण एक व्होल्ट मिळतो. (काही डोंगल काही अँड्रॉइड फोनवर अर्धाच आवाज देतात, ते आधी तपासा.) ऑर्केस्ट्राच्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबल हवेत असं धरलं तर लागतील २.२ व्होल्ट, म्हणजे ३०० ओहमला जेमतेम १७ मिलिवॅट. जाहिरातीत १००० मिलिवॅट लिहिलेलं असतं. तुम्हाला लागतात सतरा, आणि तेही क्षणभर.

तात्पर्य, ३०० ओहमवाल्याला एक-दोन व्होल्ट जास्त मिळाले तर फायदा होतो, हे खरं. पण त्यासाठी व्हॉल्वच हवा असं नाही. दोन व्होल्टचा चांगला डोंगल दोन-तीन हजारांत येतो.

माहीममध्ये ऐकायचं तर

ऑडिओवाले एका गोष्टीबद्दल गप्प असतात: आपण ऐकतो कुठे? माझी खोली एल. जे. रोडच्या बाजूला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एल. जे. रोडने ती वाचलेली नसावी. दिवसा खिडकी लावून, पंखा चालू ठेवून खोलीत ५० डेसिबल धरले तरी मी उदारच आहे.

आता ढोबळ हिशोब. तुम्ही ७५ डेसिबलवर गाणं ऐकताय. अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन ०.५ टक्के, म्हणजे गाण्यापेक्षा ४६ डेसिबलने खाली. ७५ वजा ४६, म्हणजे २९ डेसिबल. खोलीत बसेसचा आणि पंख्याचा आवाज ५०. एचडी ६५० सारखा उघड्या पाठीचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतच नाही. म्हणजे तुम्ही आठ हजार मोजून विकत घेतलेली चीज एकवीस डेसिबल गोंगाटाखाली गाडलेली आहे.

किशोरीताईंच्या भूपात जो फरक मी वर सांगितला, तो मला रात्री एकनंतर, पंखा बंद करून ऐकू आला. संध्याकाळी सात वाजता तीच चाचणी केली तर काही कळलं नाही. लॉसलेस आणि ३२० केबीपीएसमधला फरक तर याहून बारीक. मुंबईत शांतता हीच सगळ्यात महागडी ऑडिओ अ‍ॅक्सेसरी आहे.

प्रवासात तर विचारूच नका. मे २०२५ मध्ये शितलादेवी मंदिर मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून माझा बीकेसीचा प्रवास भूमिगत झाला. तिथे मी ब्लूटूथ बड्स लावतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. फक्त हे लक्षात ठेवा: सीडी दर्जाच्या आवाजाला १४११ केबीपीएस लागतात. ब्लूटूथवर साध्या एसबीसीला साधारण ३२८ आणि एलडॅकला जास्तीत जास्त ९९० मिळतात. म्हणजे प्लॅटिनम प्लॅन घेऊन ब्लूटूथवर ऐकणाऱ्याला लॉसलेस मिळतच नाही. स्पॉटिफाय स्वतः वायरवर किंवा वाय-फायवर ऐकायला सांगतं. आणि वायरवर ऐकलंत तरी एक तास लॉसलेस म्हणजे साधारण ३५०-४०० एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर त्याचा विचार करा.

किमतीत लपलेल्या गोष्टी

तिकडे परदेशी यूट्यूबर साठ-सत्तर डॉलर सांगतो आणि इथे किंमत भलतीच का, हा प्रश्न नेहमी येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर भारतात बंदी आली. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये पाच हजारांपर्यंतच्या वस्तू 'भेट' म्हणून ड्यूटीशिवाय मागवण्याची सवलतही गेली. आता मार्ग उरतात ते इथल्या आयातदार दुकानांचे किंवा ऑनलाइन विक्रेत्यांचे. कस्टम ड्यूटी, १८ टक्के जीएसटी, वर त्यांचा नफा. त्या बदल्यात वॉरंटी आणि परत करायची सोय मिळते. व्हॉल्वच्या बाबतीत ती महत्त्वाची, कारण एका नगात गुणगुण असते आणि दुसऱ्यात नसते.

रील्सबद्दलही एक लक्षात असू द्या. जानेवारी २०२३ पासून ग्राहक व्यवहार खात्याच्या मार्गदर्शक सूचना आहेत: इन्फ्लुएन्सरला वस्तू फुकट मिळाली असेल किंवा पैसे मिळाले असतील तर ते ठळकपणे सांगायला हवं. 'लिंक बायोमध्ये आहे' एवढंच लिहिलेलं असेल तर सावध व्हा.

घ्यायचाच असेल तर दुकानात किंवा घरी आल्याआल्या या गोष्टी तपासा:

- उजेड खरा की खोटा: काही डब्यांत व्हॉल्वच्या खाली नारिंगी एलईडी बसवलेला असतो. खोलीत अंधार करा. खऱ्या तारेचा उजेड मंद असतो, वाढायला वेळ लागतो आणि बंद केल्यावर हळूहळू विझतो. बटणाबरोबर झपकन लागणारा आणि जाणारा तो एलईडी. एलईडी असणं गुन्हा नाही, पण तुम्ही कशाचे पैसे देताय ते कळतं.
- टिचकी: गाणं बंद ठेवून डब्यावर हलकी टिचकी मारा. हेडफोनमध्ये 'टिंग' असा घुमारा येणं थोडंफार स्वाभाविक. तो बराच वेळ घुमत राहिला तर व्हॉल्व बदलून घ्या.
- गुणगुण: लॅपटॉप चार्जिंगला लावून अ‍ॅम्प जोडला की 'हूं' येतो का? आधी चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, अ‍ॅम्पचा नाही.
- फोन दूर ठेवा: व्हॉल्वशेजारी फोन ठेवला आणि टूजीवर कॉल आला तर 'टिटिट-टिट' ऐकू येईल.
- अ‍ॅडॅप्टर: काही मॉडेल्सना १२ व्होल्ट एसी लागतो, काहींना डीसी. पिन सारखीच दिसते. लॅमिंग्टन रोडवरून बदली अ‍ॅडॅप्टर आणताना जुना सोबत न्या आणि त्यावरचं लेबल दाखवा.
- उष्णता: दोन '६जे१' च्या तारा मिळून दोन वॅटच्या वर घेतात. चटका बसण्याइतक्या नाही, पण गरम होतात. कपाटाच्या बंद खणात ठेवू नका.

आणि कानांचं काय?

हा मुद्दा शेवटी येतोय, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातली शंभर कोटींहून जास्त तरुण माणसं बेफिकीर ऐकण्यामुळे श्रवणदोषाच्या धोक्यात आहेत. त्यांची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. ९० डेसिबलवर गेलात तर आठवड्याला फक्त ४ तास. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तर याहून कडक सल्ला दिला: ५० डेसिबल, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही.

इथे व्हॉल्व अ‍ॅम्पचा एक छुपा धोका आहे. वरची करकर निवल्यामुळे मोठा आवाज मोठा वाटत नाही. कान 'पुरे' म्हणत नाहीत आणि हात खुंटीकडे जातो. पहिल्या आठवड्यात मी मीटर लावून पाहिलं तेव्हा व्हॉल्ववर माझी नेहमीची पातळी डोंगलपेक्षा सहज तीन डेसिबल जास्त निघाली. तीन डेसिबल म्हणजे सुरक्षित वेळ निम्मी. शिवाय फोन जसा 'आवाज जास्त आहे' अशी सूचना देतो, तशी सूचना हा डबा कधीच देणार नाही. त्याला माहीतच नाही तुमच्या कानात काय चाललंय.

मग घ्यायचा का?

आधीचा प्रश्न: लॉसलेस आणि व्हॉल्व एकत्र म्हणजे विसंगती आहे का? माझ्या मते तात्त्विकदृष्ट्या नाही. मूळ प्रत स्वच्छ असावी आणि त्यावर मसाला किती घालायचा ते आपण ठरवावं, यात काही चूक नाही. चूक होते ती मसाल्याला 'शुद्धता' म्हणून विकण्यात. व्हॉल्व तुम्हाला कलाकाराच्या 'जवळ' नेत नाही. तो एक चव घालतो. आवडली तर घ्या.

पण पैसे मोजके असतील, आणि ते आपल्यापैकी बहुतेकांचे मोजकेच असतात, तर क्रम असा ठेवा:

१. सगळ्यात आधी हेडफोन किंवा इअरफोन. आवाजातला नव्वद टक्के फरक इथे पडतो, असं मी अनुभवावरून म्हणेन.
२. फोनला ३.५ मिमी जॅक नसेल तर एक चांगला डोंगल.
३. फुकटचा इक्वलायझर. अँड्रॉइडवर वेव्हलेट अ‍ॅपमध्ये हजारो हेडफोनच्या तयार दुरुस्त्या आहेत. वरचे स्वर दीड-दोन डेसिबलने उतरवून बघा. 'वॉर्म' मधला निम्मा भाग तिथेच मिळेल.
४. लॉसलेस, जर रात्री शांत खोलीत वायरवर ऐकत असाल तर. एक महिना घ्या, पाठ करून चाचणी करा, फरक कळला नाही तर १९९ वर परत या.
५. आणि मग, तुमच्याकडे १५० ओहमच्या वरचा हेडफोन असेल, शास्त्रीय, भावगीतं, गझल हे ऐकण्याचं मुख्य खाद्य असेल, आणि काचेत उजळणारी तार बघायला आवडत असेल, तर व्हॉल्व हायब्रिड.

इअरफोनवाल्यांनी पाचव्या क्रमांकाकडे बघूच नये. ज्यांच्याकडे पहिल्या तीन गोष्टी नाहीत त्यांनी हप्त्यावर हा डबा घेणं म्हणजे भाड्याच्या घराला झुंबर.

मित्राला अ‍ॅम्प पुढच्या सोमवारी परत जाईल. मी स्वतः घेणार नाही, कारण माझं निम्मं ऐकणं मेट्रोत होतं आणि उरलेल्यातलं बरचसं पंख्याखाली. त्याने मात्र ठेवावा असं मी त्याला सांगितलंय. तो बदलापूरला राहतो, रात्री अकरानंतर त्याच्या गल्लीत कुत्र्यांशिवाय कोणी नसतं, आणि तो भीमसेनजींशिवाय फारसं काही ऐकत नाही. त्याच्यासाठी हे आठ हजार वाया गेलेले नाहीत.